मूत्रपिंडातली साखर सोडियमच्या जिवावर परत येते ती कशी?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूत्रपिंडाच्या नलिकेतून ग्लुकोज सोडियमबरोबर परत शोषलं जातं आणि ते नेणाऱ्या वाहकाला (पेशीच्या भिंतीतल्या प्रथिनाला) एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागत नाही, असं पुस्तकात आहे. मग कमी साखरेकडून जास्त साखरेकडे ग्लुकोज फुकटात चढतं कसं? दुसरा भाग घरचा. वडिलांना मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन सुरू झालं आहे. रक्तातली साखर १४०, पण लघवीच्या रिपोर्टवर ‘शुगर ++++’. गोळी सोडियमचाच रस्ता बंद करत असेल तर अंगातलं मीठही वाहून जातं का, आणि जेवणात मीठ वाढवायचं का?

घरचा प्रश्न आधी मिटवतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. मीठ वाढवू नका. त्या चार प्लसनेही घाबरू नका. ही गोळी चालू असताना लघवीत साखर यायलाच हवी. आली नसती तर मी विचारलं असतं की बाबा गोळी खरंच घेतात ना. हे असं का, ते कळायला तुमच्या पहिल्या प्रश्नातून जावं लागेल, आणि खरं तर तोच जास्त चांगला प्रश्न आहे.

आधी कामाचा आवाका बघा. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. रक्तात ग्लुकोज १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर धरलं, तर दिवसाला १८० ग्रॅम ग्लुकोज नलिकांमध्ये उतरतं, म्हणजे बरोबर एक मोल. सोडियमचा आकडा याच्या कितीतरी पुढे जातो. लिटरला १४० मिलिमोल या हिशेबाने दिवसाला २५,००० मिलिमोलच्या वर, मिठात सांगायचं तर जवळजवळ दीड किलो. निरोगी माणसाच्या लघवीत यातलं ग्लुकोज नावापुरतं उरतं आणि सोडियमचं ९९ टक्क्यांहून जास्त परत घेतलं जातं. ग्लुकोजचं जवळजवळ सगळं आणि सोडियमचं सुमारे दोन तृतीयांश काम नलिकेच्या पहिल्याच भागात उरकतं. त्याला समीपस्थ नलिका म्हणतात. वॉर्डात मात्र सगळे प्रॉक्झिमल ट्यूब्यूलच म्हणतात.

या नलिकेची भिंत पेशींच्या एकाच थराची असते आणि प्रत्येक पेशीला दोन तोंडं असतात. एक पोकळीकडे, जिथून गाळलेला द्रव वाहतो. त्या बाजूला सूक्ष्म उंचवट्यांची दाट लव असते, त्यामुळे शोषणाचा पृष्ठभाग खूप वाढतो. दुसरं तोंड रक्तवाहिन्यांकडे. विद्यार्थी आकृतीतले बाण पाठ करतात, पण कुठली वस्तू कुठल्या भिंतीत बसवली आहे ते बघत नाहीत, आणि सगळं मर्म तिथेच आहे. सोडियम-पोटॅशियम पंप फक्त रक्ताकडच्या भिंतीत. सोडियमबरोबर ग्लुकोज आत घेणारा वाहक, एसजीएलटी, फक्त पोकळीकडच्या भिंतीत. आणि आत आलेलं ग्लुकोज बाहेर सोडणारा ग्लूट-२ पुन्हा रक्ताकडच्या भिंतीत. तिन्ही एकाच भिंतीत असते तर साखर तिथल्या तिथे घोटाळत राहिली असती.

आता एटीपी. पंप एक एटीपी मोडतो, ३ सोडियम पेशीबाहेर रक्ताच्या बाजूला टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. हे अखंड चालू असतं. त्याचे दोन परिणाम होतात. पेशीत सोडियम जेमतेम १० ते १५ मिलिमोल उरतं, बाहेर असतं १४०. आणि आत कोंडलेलं पोटॅशियम स्वतःच्या वाहिन्यांतून पुन्हा बाहेर झिरपत राहतं, त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण ६० ते ७० मिलिव्होल्ट ऋण होते. म्हणजे पोकळीतल्या सोडियमला आत यायला दोन कारणं मिळाली: आत त्याची टंचाई आहे, आणि तो धनभारित असल्यामुळे आतला ऋणभार त्याला ओढतो. एसजीएलटी या ओढीचा फायदा घेतो. सोडियमला आत वाट देतो, पण ग्लुकोजला बरोबर घेऊनच.

सोसायटीत पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंप तळमजल्यावर असतो आणि विजेचं बिल तिथलं येतं. चौथ्या मजल्यावरच्या नळाला वीज लागत नाही, म्हणून पाणी फुकट आलं असं कोणी म्हणत नाही. एसजीएलटीला एटीपी लागत नाही हे याच अर्थाने खरं आहे. वाबेनसारख्या द्रव्याने पंप बंद पाडला, तर एसजीएलटीला बोटही न लावता थोड्या वेळात साखरेचं शोषण मंदावत जातं, कारण उतारच उरत नाही. परीक्षेत याला ‘दुय्यम सक्रिय वहन’ लिहून दोन मार्क मिळतात. त्या नावापेक्षा बिल कुठे फाडलं गेलं हे लक्षात ठेवणं जास्त उपयोगाचं.

‘चढतं’ म्हणजे किती, हा हिशेब हाताने करता येतो, आणि एकदा करून बघाच. सोडियम बाहेर १४०, आत १४ धरा. हा १० पटींचा उतार. शरीराच्या तापमानाला साधारण ६० मिलिव्होल्टचा विद्युतदाब आणखी १० पटींच्या उताराइतकं काम करतो. दोन्ही एकत्र आले की गुणाकार होतो: १०० पट. म्हणजे एका ग्लुकोजमागे एक सोडियम वापरणारा वाहक, निदान तत्त्वतः, पोकळीतल्यापेक्षा पेशीतलं ग्लुकोज १०० पट होईपर्यंत खेचू शकतो. एका ग्लुकोजमागे दोन सोडियम लावले तर १०० गुणिले १००, म्हणजे १०,००० पट. सोडियम दुप्पट केले म्हणून आकडा दुप्पट होत नाही, त्याचा वर्ग होतो. प्रत्यक्षात गळती आणि वेळेची मर्यादा असल्यामुळे वाहक इतका ताणला जात नाही, पण त्याच्या हातात किती ताकद आहे हे या आकड्यांवरून कळतं.

मूत्रपिंडात हे दोन्ही प्रकार आहेत, आणि ते आळीपाळीने नाही तर ओळीने बसवलेले आहेत. नलिकेच्या सुरुवातीच्या भागात एसजीएलटी-२. तो एका ग्लुकोजला एकच सोडियम लावतो, पण एका वेळी पुष्कळ माल हलवतो. इथे पोकळीतली साखर रक्ताइतकीच असते, त्यामुळे फार चढ चढायचा नसतो. भर मालाच्या प्रमाणावर असतो. सुमारे ९० टक्के ग्लुकोज इथेच उचललं जातं. पुढे नलिका खोल उतरते, पोकळीत साखर अगदी थोडी उरलेली असते, आणि ती पुसून घ्यायची तर मोठा चढ चढावा लागतो. तिथे एसजीएलटी-१ आहे, दोन सोडियमवाला. त्याची क्षमता कमी, पण पकड घट्ट. स्वस्त वाहक जिथे पुरतो तिथे स्वस्त, आणि महाग वाहक फक्त शेवटच्या भागात. ही मांडणी शिकवताना मला दर वेळी नव्याने आवडते.

स्वस्त म्हणजे किती? एक एटीपी ३ सोडियम बाहेर काढतो, म्हणजे एसजीएलटी-२ च्या मार्गाने एका एटीपीत ३ ग्लुकोज परत येतात, एसजीएलटी-१ च्या मार्गाने दीड. एक मोलपैकी ९०० मिलिमोल पहिल्या मार्गाने आणि १०० दुसऱ्या मार्गाने आलं, तर एकूण खर्च साधारण ३६७ मिलिमोल एटीपी. एक मोल ग्लुकोज पेशीत पूर्ण जाळलं तर ३० मोलच्या आसपास एटीपी मिळतं. १८० ग्रॅम साखर वाचवायला दोन-सव्वादोन ग्रॅम साखरेइतकी ऊर्जा गेली. मूत्रपिंडांचं वजन शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास असून ती ऑक्सिजन मात्र बरंच खातात, ते मुख्यतः सोडियमच्या त्या दीड किलोच्या हमालीसाठी. साखरेचा खर्च त्यात किरकोळ आहे.

आणि गंमत अशी की दिवसाला १८० ग्रॅम साखर हाताळणारी ही पेशी स्वतः साखर जवळजवळ खातच नाही. तिचं इंधन मेदाम्लं, ग्लुटामीन, लॅक्टेट. ग्लुकोज जाळण्याची यंत्रणा तिच्यात फारच दुबळी आहे. उलट उपाशीपणी ती नवं ग्लुकोज तयार करून रक्तात सोडते. हे सोयीचंच आहे. आत आलेलं ग्लुकोज खर्च होत नाही, साठत जातं, रक्तापेक्षा त्याचं प्रमाण वाढतं आणि मग ग्लूट-२ मधून ते आपोआप उताराने रक्तात जातं. या शेवटच्या पायरीला सोडियमही लागत नाही, एटीपीही नाही. इन्सुलिन तर या अख्ख्या प्रवासात कुठेच लागत नाही. स्नायूंमधला ग्लूट-४ इन्सुलिनच्या हुकमाने चालतो, मूत्रपिंडातले वाहक नाहीत. म्हणून मधुमेहात सगळं शरीर साखर घ्यायला कुरकुरत असताना मूत्रपिंड मात्र ती इमानेइतबारे परत रक्तात टाकत राहतं.

सोडियमचा उतारच साखर ओढतो हे कशावरून, असा प्रश्न चांगल्या विद्यार्थ्याला पडायला हवा. ही कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी ऑगस्ट १९६० मध्ये प्राग इथल्या एका परिसंवादात मांडली, तीही आतड्याच्या संदर्भात. मला सगळ्यात पटणारा पुरावा मात्र १९७० च्या दशकातला आहे. पेशीच्या लवेचं पटल वेगळं काढलं तर त्याचे आपोआप बंद फुगे तयार होतात. आत ना तंतुकणिका, ना एटीपी, ना पंप. नुसती पिशवी आणि तिच्या भिंतीत वाहक. अशा फुग्यांच्या बाहेरच्या द्रवात सोडियम आणि किरणोत्सारी खूण केलेलं ग्लुकोज एकदम घातलं की काही सेकंदांत फुग्यातलं ग्लुकोज बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर चढतं. मग सोडियमही हळूहळू आत झिरपून दोन्हीकडे सारखं होतं, उतार संपतो आणि जास्तीचं ग्लुकोज पुन्हा बाहेर येऊन पातळी बरोबरीला येते. आलेखावर एक शिखर दिसतं आणि विरतं. सोडियमऐवजी पोटॅशियम घातलं तर शिखर येतच नाही. एटीपीचा कणही नसताना साखर चढावर गेली आणि उतार संपताच परतली. याहून स्पष्ट पुरावा मागायचा तरी कुठला?

वाहक आतून काय करतो तेही आता बरंच माहीत आहे. तो कधीच दोन्हीकडून एकाच वेळी उघडा नसतो. पोकळीकडे उघडा असताना आधी सोडियम बसतो, त्यामुळे साखरेची जागा नीट आकाराला येते, मग ग्लुकोज बसतं, मग वाहक वळून आतल्या बाजूला उघडतो. आत सोडियमची टंचाई, त्यामुळे तो सुटून जातो, ग्लुकोजही सुटतं, आणि रिकामा वाहक परत फिरतो. सोडियम नसेल तर ग्लुकोजला नीट बसायला जागाच मिळत नाही. जोडी सक्तीची होते ती इथे.

हाच एसजीएलटी-१ लहान आतड्यात मुख्य कामगार आहे, आणि जलसंजीवनी चालते ती त्याच्याच जोरावर. जुलाबात नुसतं पाणी किंवा नुसतं मिठाचं पाणी पाजून फारसं भागत नाही. ग्लुकोज बरोबर असलं की सोडियम आत जातो आणि त्यामागे पाणी. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ पासून सुचवलेल्या पाकिटात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम आणि ७५ मिलिमोल ग्लुकोज असतं, ते उगीच नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना याच तत्त्वावरचं ग्लुकोज-मिठाचं द्रावण पाजून हजारो जीव वाचवले. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चव लागावी म्हणून साखर वाढवू नका, जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

हे दोन वाहक जन्मतः बिघडले तर काय होतं, त्यातून त्यांची कामं फार स्वच्छ वेगळी दिसतात. एसजीएलटी-१ चं जनुक दोन्हीकडून सदोष आलेल्या बाळाला पहिल्या दुधापासून जीवघेणे जुलाब लागतात, कारण दुधातल्या लॅक्टोजपासून निघणारं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज दोन्ही त्याच दाराने जातात. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज पूर्ण बंद करून फ्रुक्टोजवर वाढवलं की तेच बाळ सुधारतं. लघवीत मात्र त्याच्या थोडीशीच साखर जाते. एसजीएलटी-२ सदोष असलेल्या माणसाच्या लघवीत दिवसाला १०० ग्रॅमच्या वरही साखर जाऊ शकते, आणि तो बहुधा ठणठणीत असतो! नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत किंवा विम्याच्या वेळी हे उघडकीला येतं, घरात रडारड होते, आणि रक्तातली साखर बघितली तर अगदी व्यवस्थित. अशांना मधुमेहाची औषधं द्यायची नसतात. लघवीत साखरेबरोबर फॉस्फेट आणि अमिनो आम्लंही जात असतील तर गोष्ट वेगळी. सोडियमच्या त्याच उतारावर हे सगळे पदार्थ परत येतात, त्यामुळे एखाद्या विषाने किंवा औषधाने पेशीच आजारी पडली की सगळेच एकदम गळतात. तो फॅन्कोनी सिंड्रोम, आणि तिथे मात्र कारण शोधावंच लागतं.

आता चार प्लसकडे येऊ. वाहकांची संख्या ठरलेली, त्यामुळे मिनिटाला किती ग्लुकोज परत घेता येईल याला कमाल मर्यादा आहे. प्रौढ पुरुषात ती साधारण ३७५ मिलिग्रॅम. मिनिटाला १२५ मिलिलिटर गाळणीने भागलं तर रक्तातली साखर ३०० ओलांडेपर्यंत लघवीत काही दिसू नये. प्रत्यक्षात १८० च्या आसपासच साखर दिसू लागते, कारण दोन्ही मूत्रपिंडांतल्या वीस लाखांच्या आसपास नलिका सगळ्या सारख्या ताकदीच्या नसतात. काही लवकर भरतात आणि गळू लागतात. गरोदरपणात ही पातळी खाली येते, जुन्या मधुमेहात बऱ्याचदा वर जाते. पूर्वी बेनेडिक्टच्या द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे, निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं-नारिंगी होत विटकरी झालं तर चार प्लस, आणि त्यावर इन्सुलिनचा डोस ठरायचा. ती पद्धत गेली ते बरंच झालं. रंग त्या क्षणाच्या रक्ताबद्दल फार कमी सांगतो.

लघवीत साखर दिसू लागण्याची ही १८० ची पातळीच डॅपाग्लिफ्लोझिन खाली ओढतं, १०० च्याही खाली. त्यामुळे बाबांच्या रक्तात १४० असताना लघवीत साखर धो धो जाणार. या औषधांची पूर्वज फ्लोरिझिन. १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून ती वेगळी काढली गेली. १८८६ च्या सुमारास जर्मन डॉक्टर फॉन मेरिंग यांनी दाखवलं की ती दिल्यावर लघवीतून साखर जाते. पण ती दोन्ही वाहक अडवते आणि पोटातून घेतली तर आतड्यातच तिचे तुकडे होतात, म्हणून औषध होऊ शकली नाही. पुढे रसायनतज्ज्ञांनी साखरेचा तुकडा आतड्यातल्या विकरांना तोडता येणार नाही अशा बंधाने जोडला आणि मुख्यतः एसजीएलटी-२ लाच अडवणारे रेणू बनवले. रेणूचं साखरेसारखं टोक ग्लुकोजच्या जागी जाऊन बसतं आणि उरलेला भाग दारात अडकतो. वाहक बाहेरच्या बाजूला उघडा असतानाच कुलूपबंद होतो. एसजीएलटी-२ आणि याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनची अशी रचना २०२१-२२ मध्ये प्रत्यक्ष पाहायला मिळाली. युरोपात २०१२ मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनला मान्यता मिळाली. भारतात २०२० मध्ये त्याचं पेटंट संपल्यावर स्वस्त जेनेरिक आली आणि मग ते खऱ्या अर्थाने सामान्य रुग्णापर्यंत पोचलं.

एसजीएलटी-२ जर ९० टक्के काम करतो, तर तो बंद केल्यावर ९० टक्के साखर जायला हवी. तशी जात नाही. गाळलेल्यापैकी निम्मीसुद्धा सहसा जात नाही. मधुमेह्यात दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम. पुढे बसलेला एसजीएलटी-१ एरवी अर्धा रिकामाच असतो. वरून माल सुटला की तो पूर्ण ताकदीने कामाला लागतो. एकट्या या गोळीने रक्तातली साखर फार खाली घसरत नाही, त्याचं एक कारण हेच.

आणि इथेच तुमचा मिठाचा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल निघतो. सरळ हिशेब मांडा. गोळीविना निरोगी माणसात साखरेच्या दारांतून किती सोडियम येतो? ९०० अधिक १०० गुणिले २, म्हणजे ११०० मिलिमोल. गाळलेल्या सोडियमच्या साडेचार टक्क्यांहून कमी. गोळी घेतल्यावर समजा ६० ग्रॅम साखर गेली आणि उरलेली १२० ग्रॅम, म्हणजे ६६७ मिलिमोल, एसजीएलटी-१ ने दुप्पट सोडियम लावून परत आणली. झाले १३३० मिलिमोल. म्हणजे कागदावर साखरेबरोबर येणारा सोडियम घटलाच नाही, थोडा वाढला! तरी गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत लघवीतून सोडियम जास्त जातो हे खरं आहे. तो इतर वाटांनी जातो. नलिकेत अडकलेली साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे तिथल्या द्रवात सोडियम पातळ होतो आणि त्याचं शोषण घटतं. शिवाय सोडियम घेऊन हायड्रोजन सोडणारा एनएचई-३ नावाचा दुसरा वाहक त्याच लवेत असतो, आणि एसजीएलटी-२ अडवला की तोही मंदावतो, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. एनएचई-३ च्या वाटेने येणारा सोडियम साखरेबरोबरच्या सोडियमपेक्षा कितीतरी जास्त असतो.

हा जास्तीचा सोडियम नलिकेत पुढे जातो आणि मॅक्युला डेन्सा नावाच्या पेशींच्या टापूपाशी पोचतो. या पेशी आलेलं मीठ मोजतात आणि जास्त दिसलं तर गाळणीकडे रक्त आणणारी धमनी आवळतात. मधुमेहात याच्या उलट घडलेलं असतं. गाळलेली साखर जास्त, म्हणून सुरुवातीलाच साखर आणि सोडियम दोन्हींचं शोषण जास्त, पुढे मीठ कमी पोचतं, मॅक्युला डेन्साची समजूत होते की गाळणी कमी चालली आहे, आणि धमनी सैल सुटते. गाळणीवर वर्षानुवर्षं जादा दाब येतो आणि ती झिजते. गोळी ही फसगत दूर करते. म्हणून ती सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने गाळून टाकायचा रक्तातला टाकाऊ पदार्थ) थोडं वाढतं, ईजीएफआर (गाळण्याच्या वेगाचा अंदाज) थोडा उतरतो, आणि नातेवाईक रिपोर्ट घेऊन धावत येतात की औषधाने किडनी बिघडली. हा दाब उतरल्याचा आकडा आहे. उतार ३० टक्क्यांच्या आत असेल आणि माणूस बरा असेल तर मी गोळी थांबवत नाही. क्रेडेन्स (२०१९), डॅपा-सीकेडी (२०२०) आणि एम्पा-किडनी या मोठ्या चाचण्यांत अशा रुग्णांची मूत्रपिंडं पुढे जास्त काळ टिकली. यातल्या शेवटच्या दोन चाचण्यांमध्ये मधुमेह नसलेलेही बरेच होते. त्यांना फायदा साखर उतरून झालेला नाही, हे उघड आहे. माझ्या मते या गटाला ‘साखरेची गोळी’ म्हणणं आता थांबवायला हवं.

तेव्हा बाबांनी मीठ वाढवलं तर आपणच औषधाचा अर्धा उपयोग पुसून टाकू. सोडियमची जास्तीची गळती थोड्या दिवसांत नव्या समतोलावर येते, वरचा रक्तदाब काही अंकांनी उतरतो, आणि तो उतरलेला आम्हाला हवाच असतो. पापड-लोणचं आहे त्याहून कमीच करा. ते लघवी वाढवणारी दुसरी गोळी घेत असतील किंवा उठताना चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. सहसा ती दुसरी गोळी कमी केली जाते.

काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टींची. साखर असलेली लघवी बुरशीला आवडते, म्हणून लघवीनंतर ती जागा पाण्याने धुऊन कोरडी ठेवावी. खाज किंवा लाली आली तर लाजून लपवू नये, साध्या मलमाने बहुतेक वेळा भागतं. उलट्या-जुलाब, ताप, जेवण बंद अशा दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करावा. नवरात्रातले नऊ दिवस कडक उपास, निर्जळी एकादशी, किंवा कोणाचं ऐकून भात-पोळी एकदम बंद करणं, हे या गोळीबरोबर परस्पर करू नये. साखर बाहेर जात असताना खाणंही बंद झालं की शरीर चरबी जाळतं आणि त्यातून निघणारे कीटोन नावाचे आम्ल पदार्थ रक्तात साठतात. अशा वेळी रक्तातली साखर २०० च्या आतही असू शकते, त्यामुळे ग्लुकोमीटर बघून घरचे निर्धास्त राहतात. मळमळ, पोटदुखी, धाप आणि कमालीचा थकवा एकत्र आला तर आकडा कितीही चांगला असो, त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्तातले कीटोन तपासा. ठरलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी ही गोळी बंद करायची असते. भूलतज्ज्ञांना तिचं नाव आवर्जून सांगा.

लघवीतली साखर पुन्हा तपासण्यात अर्थ नाही. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये ती तपासणी असतेच, त्यामुळे दर वर्षी ते चार प्लस ठळक अक्षरांत छापून येणार. रिपोर्टच्या वर ‘डॅपाग्लिफ्लोझिन चालू’ असं पेनाने लिहून ठेवा, नाहीतर एखादा नवा डॉक्टर ते बघून इन्सुलिन वाढवायचा. पुढच्या भेटीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, एवढं करून घ्या.